गॅरेजच्या दाराच्या फटी आणि वरची गार खोली

रानवारा | ८ नोव्हेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

मिनियापोलिसजवळच्या एका उपनगरात राहतो. घर १९९८ सालचं, गॅरेज घराला जोडलेलं, दोन गाड्यांचं. दार १६ फूट रुंद, ७ फूट उंच, चार आडव्या फळ्यांचं, एकेरी पत्र्याचं. आतून अस्तर काही नाही. दाराचं तोंड वायव्येला आहे आणि हिवाळ्यातला बोचरा वारा नेमका तिकडूनच येतो.

गेल्या हिवाळ्यात डाव्या कोपऱ्यातून बर्फाचा भुगा आत यायचा. सकाळी गाडीच्या चाकापर्यंत त्याची पांढरी रेघ पडलेली असायची. तेव्हा मी झाडू मारून मोकळा झालो. या वर्षी तसं करून चालणार नाही, कारण गॅरेजच्या बरोबर डोक्यावर एक खोली आहे. जानेवारीच्या मध्यावर आमच्याकडे बाळ येणार आहे. सासूबाई साताऱ्याहून डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात येतायत. त्यांचं झोपणं, बाळाला तेल लावणं, शेक देणं, सगळं त्याच खोलीत व्हायचं आहे. परवा तिथे थर्मामीटर ठेवला. बाकी घर २१ अंशांवर (मी सेल्सियसमध्येच लिहितोय) आणि ही खोली १६ वर. जमीन तर पायमोजे घालूनही गार लागते.

दारं बसवणाऱ्या एका माणसाला बोलावलं होतं. त्याने टेपही न लावता नवीन दार सुचवलं, दोन हजार डॉलरच्या वर. दुकानात दाराला आतून चिकटवायचे थर्माकोलचे संचही दिसले. नवीन दार घेऊ, संच लावू, की आणखी काही? हाताने काम करायची तयारी आहे, वेळ मात्र पाच-सहा आठवड्यांचाच आहे.

---

हिमकण | ८ नोव्हेंबर, रात्री १०:१५

आधी अभिनंदन! वहिनींना जपा.

आम्ही कॅलगरीत आहोत. दाराच्या खालच्या काठाला जे रबर असतं ते वाकून बघा. आमचं मूळचं व्हिनाइलचं होतं. उणे वीसच्या खाली गेलं की ते पन्हळीच्या पत्र्यासारखं ताठ व्हायचं, मग जमिनीवर टेकायचं फक्त दोन-तीन ठिकाणी. ईपीडीएम नावाचं खरं रबर मिळतं, ते थंडीतही मऊ राहतं. बदलायला एक दुपार गेली.

काठाला अ‍ॅल्युमिनियमची पट्टी असते, तिला दोन खाचा. रबराच्या दोन्ही कडा त्या खाचांमध्ये सरकवायच्या. खाचा आधी जुन्या टूथब्रशने साफ करा आणि साबणाचं पाणी लावा, नाहीतर सहा फुटांवर जाऊन अडकतं. एकाने ओढायचं, दुसऱ्याने सरळ धरून पुढे द्यायचं. हे दुसऱ्या माणसाचं काम वहिनींना सांगू नका, शेजाऱ्याला बोलवा. आणि दोन्ही टोकांना दोन-दोन इंच रबर जास्तीचं ठेवा. आम्ही दाराच्या मापाने अगदी बरोबर कापलं आणि पहिल्याच हिवाळ्यात ते आखडून कोपरे उघडे पडले.

---

ओळंबा | ९ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

रानवारा, काहीही विकत घेण्याआधी वारा कुठून येतोय ते शोधा. बावीस वर्षं घरांची तपासणी करतोय. गॅरेजबद्दल लोक पहिला प्रश्न विचारतात तो दाराच्या जाडीचा, आणि दोष निघतो तो जवळजवळ नेहमी फटींचा.

साधा हिशोब करू. १६ फूट म्हणजे १९२ इंच. खालच्या काठाला सगळीकडे नुसती पाव इंच फट असली तरी ती ४८ चौरस इंच झाली. ६ इंच बाय ८ इंचाचं भोक भिंतीला पाडून ठेवल्यासारखंच हे. त्याच्या वर तुम्ही दाराला दोन इंच थर्माकोल लावलात तरी वारा त्या भोकातून येतच राहणार. आधी वारा अडवायचा आणि मगच उष्णतेचा विचार करायचा, हा क्रम सोडू नका.

शोधायचं असं. पहिलं काम रात्री: गॅरेजचे दिवे बंद करून तुम्ही आत थांबा, बाहेर कुणीतरी मोठा टॉर्च घेऊन दाराच्या चारी कडांनी सावकाश फिरवू दे. जिथे उजेडाची रेघ दिसेल तिथे खडूने खूण करा. दुसरं काम वाऱ्याच्या दिवशी: उदबत्ती. देवघरातली साधी उदबत्ती या कामाला महागड्या यंत्रांइतकी उपयोगी पडते. धूर सरळ वर जात असेल तर तिथे वारा नाही. तो एकदम आडवा झाला की तिथे फट आहे. पण उदबत्ती पेटवायच्या आधी पेट्रोलचा डबा, रंगाचं थिनर, गवत कापायचं यंत्र, सगळं बाहेर काढा, गाड्याही बाहेर लावा, दार उघडून गॅरेज चांगलं हवेशीर करा, मग दार बंद करून काम सुरू करा. पेट्रोलची वाफ जमिनीलगत साचते. इथे जराही हयगय नको.

फक्त मोठ्या दारापाशी थांबू नका. गॅरेजमधून घरात उघडणारं दार, छतात वायरी आणि पाइप शिरतात ती भोकं, भिंत आणि जमीन यांचा सांधा, सगळीकडे उदबत्ती न्या. घरातले स्वयंपाकघराचे आणि न्हाणीघरांचे पंखे पाचच मिनिटं चालू ठेवलेत तर घर हवा आत ओढायला लागतं आणि गॅरेजकडून घरात शिरणाऱ्या फटी लगेच बोलतात. काम झालं की पंखे लगेच बंद करा. घरात धुराडं असलेला गॅसचा बंब असेल तर एवढा वेळही नको, कारण त्याचा धूर उलटा आत येऊ शकतो.

---

टेक्सासचं_ऊन | ९ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

थोडं वेगळं, पण सांगतो. गॅरेजच्या भिंतीतून पाण्याचा पाइप जातो का ते बघा. फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत डॅलसला पारा उणे १९ वर गेला होता. आमच्या गॅरेजचं दार खालून दोन बोटं उघडं होतं आणि त्याच भिंतीतला पाइप फुटला. तिसऱ्या दिवशी बर्फ वितळल्यावर कळलं. वारा पाइपवर थेट लागला की तो नुसत्या थंडीपेक्षा फार लवकर गोठतो. बागेची नळी काढून ठेवा आणि त्या नळाला आतून बंद करायचा कॉक असेल तर तो फिरवा.

---

रानवारा | ११ नोव्हेंबर, रात्री ८:५०

सगळ्यांचे आभार. शनिवारी संध्याकाळी टॉर्च, रविवारी उदबत्ती. दोन तास गेले आणि बरंच काही कळलं.

उजवीकडचा खालचा कोपरा जमिनीला नीट टेकलाय. डावीकडे जाताना फट वाढत जाते आणि कोपऱ्यात पाऊण इंच होते. माझी करंगळी आत जाते. दोन्ही बाजूंच्या चौकटीला प्लास्टिकची जी पातळ पट्टी दारावर टेकायला हवी ती वाळून उलट बाहेरच्या बाजूला वळली आहे. वरच्या काठाला मधोमध उजेड दिसला, दोन फुटांपुरता. फळ्यांच्या सांध्यांमध्ये धूर हललासुद्धा नाही.

ज्याची कल्पना नव्हती ते छतात निघालं. दार उघडणाऱ्या मोटरची वायर जिथून वर जाते तिथे रुपयाच्या नाण्याएवढं भोक आहे. उदबत्ती धरली तर सगळा धूर सरळ त्या भोकात ओढला गेला. म्हणजे तो वरच्या खोलीच्या जमिनीखाली जात होता. घरात जाणाऱ्या दाराच्या उंबऱ्याखालूनही धूर आत गेला.

ओळंबाकाका, जमीन एका बाजूला खाली गेली असेल तर काय करायचं? आणि धूर वर का ओढला गेला?

---

ओळंबा | ११ नोव्हेंबर, रात्री १०:२०

शाब्बास. धुराचं आधी सांगतो, कारण मुख्य गोष्ट तीच आहे.

हिवाळ्यात तापवलेलं घर धुराड्यासारखं वागतं. गरम हवा हलकी, ती वर चढते आणि माळ्याच्या फटींतून बाहेर पडते. तेवढी हवा घराला खालून कुठून तरी घ्यावीच लागते. तुमचं घर ती गॅरेजमधून घेतंय. बाहेर जितकी जास्त थंडी, तितकी ओढ जास्त. म्हणून गॅरेजचं दार हा तुमच्या प्रश्नाचा अर्धा भाग आहे, छतातलं ते नाण्याएवढं भोक दुसरा अर्धा. आणि त्या वाटेने फक्त गार हवा येत नाही, गाडीचा धूर आणि पेट्रोलचा वासही येतो. बाळाची खोली वर आहे, तेव्हा दारापाशी एकही खिळा ठोकायच्या आधी ही भोकं बुजवा. गॅरेजचं छत आणि घराकडची भिंत या आग अडवणाऱ्या असतात, म्हणून साधा फोम नको, आगीला टिकणारं सीलंट मागा. ते वायर-पाइपच्या भोकांसाठीच मिळतं.

आता जमीन. आधी खात्री करा की जमीनच खाली आहे, दार तिरकं नाही. दार बंद करून खालच्या फळीवर पाणसळ ठेवा. बुडबुडा मधोमध असेल तर दार बरोबर आहे आणि कोबा खचलाय. दारच तिरकं असेल तर एका बाजूची तार ढिली झालेली असू शकते. तसं असेल तर हात लावू नका. त्या तारा आणि वरची पिळाची स्प्रिंग यांच्यात दाराचं सगळं वजन ताणून धरलेलं असतं. ती उलगडताना पाना सुटला तर हात मोडतो, माणूस दगावतोसुद्धा. ते काम कारागिराचं.

कोबा खचला असेल तर तीन वाटा आहेत. फुगीर, मोठं रबर लावायचं. ते जिथे जागा कमी तिथे दबतं आणि जिथे जास्त तिथे फुगून राहतं. पाऊण इंच ते सहज भरून काढेल. दुसरी वाट, जमिनीला उंबऱ्यासारखी रबरी पट्टी चिकटवायची. तिसरी, काँक्रीट घासून किंवा भरून पातळी जुळवायची. तिसरी आता विसरा, या थंडीत ते भरण धरणार नाही.

---

जर्सीचा_पाऊस | १२ नोव्हेंबर, सकाळी ९:१०

उंबऱ्याच्या पट्टीला माझं मत. आमच्याकडे वाऱ्यापेक्षा पावसाचं पाणी आत यायचं. दाराचं रबर दोनदा बदललं, काही फरक नाही. उंबरा चिकटवल्यावर पाणी पूर्ण बंद झालं आणि वाराही.

कृती: दार बंद करून आतून त्याच्या काठाची रेघ जमिनीवर आखायची. दार उघडून जमीन तारेच्या ब्रशने घासायची, धुवायची, पूर्ण वाळू द्यायची. तेलाचा डाग राहिला तर तिथे पट्टी सुटणार हे नक्की. पट्टी रेघेवर बसवून टोकं चौकटीला भिडतील अशी कापायची, मग खाली चिकट लावायचं आणि दार बंद करून त्याच्या वजनाने दाबून ठेवायचं. आम्ही पूर्ण दिवस दार उघडलं नाही.

---

ओळंबा | १२ नोव्हेंबर, दुपारी १२:४०

जर्सीसाठी तुमचं अगदी बरोबर. मिनेसोटात मात्र मी उंबरा सुचवत नाही, दोन कारणांनी.

एक, बहुतेक चिकट पदार्थांना जमीन १० अंशांच्या वर लागते, आणि ती वेळ तिकडे जवळजवळ संपली. डब्यावरचा आकडा वाचल्याशिवाय कुणीही लावू नये. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. तिकडे गाडी रोज बर्फाने लडबडून आत येते. तो बर्फ रात्री वितळतो आणि गॅरेजची जमीन ज्या उताराने केलेली असते त्या उताराने दाराखालून बाहेर जातो. उंबरा लावलात की तेच मिठाचं पाणी आत साचणार, आणि पहाटे दाराला धरून गोठणार. बाहेरचं पाणी आत येत असेल तर उंबरा हवा. आतलं पाणी बाहेर जायला हवं असेल तर फुगीर रबरच.

शिवाय दाराशेजारचे ते दोन छोटे डोळे, अडथळा दिसला की दार परत वर नेणारे, अमेरिकेत १९९३ पासून प्रत्येक नव्या मोटरला अशी सोय कायद्याने लागते. त्यांची उंची जमिनीपासून ६ इंचांच्या आत असते. उंबरा लावताना ते हलले तर दार बंदच होणार नाही. तपासून घ्या.

---

जर्सीचा_पाऊस | १२ नोव्हेंबर, दुपारी १:०५

वितळलेल्या बर्फाचं पटलं. आमच्याकडे गाड्या बाहेरच असतात, त्यामुळे हा विचार कधी करावाच लागला नाही.

---

आजीची_गोधडी | १२ नोव्हेंबर, रात्री ९:३०

शिकागोहून. गॅरेजमध्ये तांदळाची पोती ठेवणाऱ्यांनी हा धागा नक्की वाचावा. उंदराला पाव इंचाची फट पुरते. आमचं कोलमचं वीस पौंडांचं पोतं फोडलं आणि वर्षाच्या भाजणीसाठी आणलेली हरभऱ्याची डाळसुद्धा. खालच्या कोपऱ्यात, जिथे दाराचं रबर आणि चौकटीची पट्टी एकमेकांना भेटतात, तिथेच त्यांची वाट होती. तिथे तांब्याच्या जाळीचा बोळा दाबून वरून रबराचा तुकडा लावला. लोखंडी घासणी वापरू नका, ती गंजून मिठाच्या पाण्याबरोबर जमिनीवर डाग पाडते. धान्य आता पत्र्याच्या डब्यांत.

---

हिमकण | १३ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

चौकटीच्या पट्ट्यांचं कुणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त फरक त्यांनी पडला, रबरापेक्षाही.

लाकडासारखी दिसणारी पीव्हीसीची पट्टी येते, तिला एका कडेला मऊ जीभ असते. ७ फुटांचे दोन तुकडे आणि १६ फुटांचा एक. आधी वरची लावायची, मग बाजूच्या, म्हणजे वरून येणारं पाणी बाजूच्या पट्टीच्या मागे शिरत नाही. दार बंद ठेवूनच काम करा. जीभ दारावर एवढीच टेकली पाहिजे की ती थोडी वाकेल. जोरात दाबलीत तर दार वर जाताना ओरखडे पडतात आणि मोटरला उगाच जोर पडतो. अलगद ठेवलीत तर वारा आला की ती उचलली जाते. आम्ही आधी चार-पाच खिळे अर्धेच ठोकले, दार दोनदा वर-खाली करून बघितलं, जागा जुळवली आणि मग पक्के केले. थंडीत पीव्हीसी तडकतं, म्हणून पट्ट्या आदल्या रात्री घरात ठेवा. खिळ्याच्या जागी आधी बारीक भोक पाडून घेतलंत तर आणखी बरं.

आणि जुनी पट्टी काढल्यावर मागची चौकट कुजलेली आहे का ते स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. खालचं वीतभर लाकूड बहुतेक घरांत गेलेलं असतं.

---

रानवारा | १३ नोव्हेंबर, रात्री ९:२०

पाणसळ लावली. दार सरळ आहे, कोबाच डावीकडे खचलाय. फुगीर रबर आणि पट्ट्या मागवल्या. डाव्या चौकटीचं खालचं लाकूड खरंच कुजलं होतं, स्क्रूड्रायव्हर लोण्यात गेल्यासारखा आत गेला. तेवढा एक फूट कापून पीव्हीसीचा तुकडा बसवला.

आता थर्माकोलच्या संचाचं सांगा. लावू का?

---

ओळंबा | १३ नोव्हेंबर, रात्री १०:४५

या वर्षी नको, असं मी म्हणेन. कारण सांगतो.

अमेरिकेत उष्णता किती अडते ते आर नावाच्या आकड्याने मोजतात, जितका मोठा तितकं चांगलं. साध्या पांढऱ्या थर्माकोलचा इंचाला सुमारे ४, जरा घट्ट रंगीत फोमचा ५. पाकिटावर जो मोठा आकडा छापतात तो फळीच्या मधल्या भागाचा असतो. कडा, सांधे, पत्र्याच्या आडव्या पट्ट्या यांच्यातून उष्णता जातच राहते. आणि गॅरेज तुम्ही तापवत नाही. न तापवलेल्या गॅरेजला जी ऊब मिळते ती घराच्या भिंतीतून झिरपणारी, गाडीच्या इंजिनाची आणि जमिनीतून येणारी. वारा थांबला की ती टिकते. मग दाराची जाडी ही पुढची गोष्ट.

संच लावणारच असाल तर वजनाचं लक्षात ठेवा. दाराची स्प्रिंग मूळ वजनाला जुळवलेली असते. लावण्याआधी आणि नंतर तपासा: दार बंद असताना मोटरची लाल दोरी ओढून दार मोकळं करा, हाताने कमरेएवढं उचला आणि सोडा. तिथेच थांबलं तर तोल बरोबर. खाली यायला लागलं तर वजन जास्त झालंय आणि मोटर रोज ते ओढत राहणार. मग स्प्रिंग जुळवायला कारागीर बोलवा. दार उघडं असताना ती दोरी कधीही ओढू नका, तोल गेलेलं दार धाडकन खाली येतं.

तुमचा पैसा छतात घाला. वरच्या खोलीची जमीन गार आहे कारण तुळयांमध्ये भरलेली काचतंतूची गादी बहुतेक खाली लोंबली असेल. गादी आणि वरचं प्लायवूड यांच्यात मोकळी जागा राहिली की थंड हवा तिथून फिरते आणि गादी असून नसल्यासारखी होते. गादी प्लायवूडला भिडलेली हवी. नाहीतर छताला भोकं पाडून कागदाचा भुगा दाबून भरून घ्यायचा, ते काम यंत्र असलेली माणसं एका दिवसात करतात. तुळयांची टोकं बाहेरच्या भिंतीला जिथे भिडतात तो सांधाही त्यांच्याकडून बंद करून घ्या.

आणखी एक, आणि हे मी हात जोडून लिहितोय. गॅरेजचं दार उघडं ठेवूनसुद्धा आत गाडी गरम करत उभी ठेवू नका. सुरू केली की लगेच बाहेर. वरच्या खोलीत आणि खालच्या मजल्यावर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. घरात जाणाऱ्या दाराला चारी बाजूंनी पट्टी आणि आपोआप बंद होणारी बिजागरी. गॅरेजमध्ये गॅसचा बंब किंवा भट्टी असेल तर तिला हवा देणाऱ्या जाळ्या बुजवू नका. आणि सासूबाई बाळ-बाळंतिणीला शेक-धुरी देणार असतील तर निखाऱ्यांची शेगडी त्या खोलीत नको. साताऱ्याच्या घरात दारं-खिडक्या उघड्या असतात, इथे आपण एकेक फट बुजवतोय. कोळशाच्या त्या वायूला वास नसतो.

---

हिमकण | १४ नोव्हेंबर, सकाळी ७:००

शेगडीचं मीही लिहिणार होते. माझी आई आली तेव्हा तिला हे पटायला दोन दिवस लागले, कारण तिने आम्हा तिन्ही भावंडांना निखाऱ्यावर ओवा टाकूनच शेकलं होतं. शेवटी स्वयंपाकघरात तव्यावर सुती फडकं गरम करून ते वर आणायची, आधी स्वतःच्या गालाला लावून बघायची आणि मग बाळाला. तिलाही समाधान आणि मलाही.

---

रानवारा | १५ डिसेंबर, रात्री ८:१०

महिनाभर गायब होतो, कामाला लागलो होतो.

छतातली भोकं बुजवली, एकूण सात निघाली. चौकटीच्या तिन्ही पट्ट्या, खालचं रबर, घरात जाणाऱ्या दाराला पट्टी आणि बिजागरी. भुगा भरणारी माणसं थँक्सगिव्हिंगच्या आधी येऊन गेली. त्यांनी छताला भोक पाडून आरशाने दाखवलं: गादी चार इंच खाली लोंबलेली, वर सगळी पोकळी. काकांनी न बघता लिहिलेलं जसंच्या तसं. अलार्म दोन लावले.

आकडे: गेल्या वर्षी बाहेर उणे १२ असताना गॅरेजमध्ये उणे ८ पर्यंत जायचं. काल रात्री बाहेर उणे १२, गॅरेज उणे १. वरची खोली १९.५, बाकी घर २१. नवीन दाराला लागले असते त्याच्या निम्म्याहून कमी पैसे गेले आणि त्यातलेही बहुतेक छतात.

दोन अडचणी आल्या. नवीन रबर जाड, त्यामुळे दार खाली टेकलं की मोटरला अडथळा वाटायचा आणि ते परत वर जायचं. खाली थांबायची मर्यादा मोटरच्या बटणाने जुळवली. दुसरी आज सकाळचीच. रबर जमिनीला गोठून चिकटलं आणि दार हलेना. बटण पुन्हा दाबलं नाही, भीती वाटली. काय करायचं?

---

ओळंबा | १५ डिसेंबर, रात्री ८:५५

बटण दाबलं नाहीत ते उत्तम केलंत, नाहीतर रबर खाचेतून उपटून निघालं असतं. गरम पाणी ओतायचा मोह होतो, पण तेच पाणी पुन्हा गोठून दुप्पट पकडतं. प्लास्टिकच्या खरवडणीने बाहेरून बर्फ सोडवा, केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा द्या. सुटल्यावर रबर पुसून कोरडं करा आणि त्यावर सिलिकॉनचा फवारा मारा. दर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. ग्रीस किंवा तेल नको, त्याने रबर खराब होतं. गाडी आत आली की दाराजवळचं पाणी रबरी पुसणीने बाहेर लोटायची सवय लावा.

मर्यादा जुळवलीत तर एक चाचणी राहिली असेल. दीड इंच जाडीची लाकडी पट्टी दाराखाली आडवी ठेवा आणि दार बंद करा. पट्टीला टेकताच ते परत वर गेलं पाहिजे. नाही गेलं तर जोर जास्त ठेवला गेलाय, कमी करा. घरात लवकरच रांगणारं मूल असेल.

---

रानवारा | १५ डिसेंबर, रात्री ९:४०

आत्ता करून बघितलं. पहिल्यांदा दार पट्टीवर दाबूनच बसलं. जोर कमी केला, आता तीनदा केलं आणि तीनही वेळा परत गेलं. हे तुम्ही सांगितलं नसतं तर मी कधीच तपासलं नसतं.

---

आजीची_गोधडी | १६ डिसेंबर, सकाळी ८:००

सासूबाईंना सुखरूप येऊ द्या. ३० जानेवारी २०१९ ला तुमच्याकडे उणे ३३ आणि आमच्याकडे उणे ३१ झालं होतं, तसं काही आलं तर सिंकखालची, पाण्याचे पाइप असलेली कपाटं उघडी ठेवा आणि नळ थेंब थेंब चालू. खोलीत सतरंजी घाला, जमीन कितीही सुधारली तरी म्हाताऱ्या पायांना सतरंजी बरी.

---

रानवारा | २६ जानेवारी, पहाटे ४:१५

मुलगी झाली, १७ तारखेला. दोघीही छान आहेत.

सासूबाई वरच्या खोलीत रुळल्यात. आल्या दिवशी मी सांगायच्या आत त्यांनी चपला काढून जमिनीवर पाय ठेवून बघितला आणि म्हणाल्या, "बरंय की. मला वाटलं बर्फावर निजायचंय." शेगडीचं समजावल्यावर त्यांनी तवा मागितला. काल रात्री बाहेर उणे २४ होतं, वायव्येचा वारा सुटलेला. खोलीत १९ होतं. आत्ता बाळाला घेऊन त्यांच्या शेजारी बसलोय, गॅरेजकडून शिट्टी ऐकू येत नाही. गेल्या वर्षी ती इथपर्यंत यायची.

डाव्या कोपऱ्यात टॉर्चच्या उजेडात अजून केसाएवढी रेघ दिसते. ती मे महिन्यात, कोबा भरून घेईन तेव्हा.

---

हिमकण | २६ जानेवारी, सकाळी ७:२०

खूप खूप अभिनंदन! बाळाला आशीर्वाद, सासूबाईंना नमस्कार.

---

नवीन_घर | २६ जानेवारी, रात्री ९:००

अभिनंदन! आजच हा धागा पूर्ण वाचला, आमचंही दार एका बाजूला असंच अधांतरी आहे. ते फुगीर रबर किती रुंदीचं घेतलंत?

---

रानवारा | २७ जानेवारी, पहाटे ३:५०

धन्यवाद. सपाट पसरून ६ इंच रुंद, दोन्ही कडांना टी आकार, टीची रुंदी पाव इंच. पाच-सोळांश इंचाचाही टी मिळतो, म्हणून आधी तुमच्या खाचेचं माप घ्या. दार १६ फुटांचं असेल तर १७ फूट मागवा.